कळतं, पण वळत नाही: एका जुन्या कोड्याचा माग

‘कळतं, पण वळत नाही’ हे आपण दुसऱ्याबद्दल वैतागून म्हणतो आणि स्वतःबद्दल जरा ओशाळून. कोडं जुनंच आहे. सॉक्रेटिसला तर असं काही घडतं हेच मान्य नव्हतं. भलं कशात आहे ते खरोखर कळलेला माणूस वाईटाकडे जाणारच नाही, असं त्याचं म्हणणं. ॲरिस्टॉटलला ते पटलं नाही. कळूनही मोह आवरत नाही, अशी माणसं तर रोज दिसतात! धर्म ठाऊक आहे पण तिकडे प्रवृत्ती होत नाही, ही कबुली संस्कृतात दुर्योधनाच्या तोंडी घातलेली आहे.

वाद तत्त्वज्ञांमध्ये रंगला, व्यवहारात मात्र बराच काळ सॉक्रेटिसचंच चाललं. लोकांना समजावून सांगा, नाही ऐकलं तर आमिष दाखवा, तेही नाही जमलं तर घाबरवा.

या समजुतीला पहिला मोठा तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तोही स्वयंपाकघरात. अमेरिकेत मांसाचा तुटवडा भासू लागला होता. जनावराचं काळीज, मूत्रपिंड असे पौष्टिक पण नाक मुरडले जाणारे भाग गृहिणींनी शिजवावेत, अशी सरकारची इच्छा होती. जर्मनी सोडून १९३३ मध्ये तिथे आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे तेरा ते सतरा जणींचे गट घेतले. वेळ प्रत्येक गटाला सारखाच, पाऊण तास. काही गटांना उत्तम व्याख्यान मिळालं: जीवनसत्त्वं, युद्धाला होणारी मदत, वर छापील पाककृती. बाकीच्या गटांत ‘आपल्यासारख्या बायकांना हे करायला काय अडचण येईल’ एवढीच चर्चा झाली. नवरा तोंड वाकडं करील, शिजताना वास येतो, असे मुद्दे त्यांनीच काढले. शेवटी, येत्या आठवड्यात कोण करून बघणार म्हणून हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के जणींनी तसा पदार्थ केला होता. चर्चेतल्या ३२ टक्के जणींनी.

प्रयोग काटेकोर नव्हता, हेही सांगायला हवं. पुढे विचारणा होणार आहे, याची कल्पना चर्चेच्या गटांनाच दिलेली होती. शिवाय चर्चेपेक्षा ठाम निर्णय आणि ‘बाकीच्याही करणार आहेत’ ही जाणीव जास्त मोलाची, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. पण लेविन यांचा मूळ विचार टिकला. माणूस जिथे आहे तिथे त्याला ढकलणारे आणि अडवणारे असे दोन्ही जोर काम करत असतात. ढकलणं वाढवलं तर ताणही वाढतो, म्हणून आधी अडसर काढावेत.

भीतीची परीक्षा १९६५ मध्ये येल विद्यापीठात झाली. हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली, काही सौम्य, काही अंगावर काटा आणणारी. भेदरलेल्यांनी लस घेण्याचा इरादा जास्त जोरात सांगितला, पण प्रत्यक्ष लस घेण्यात फरक पडला नाही. काहींना मात्र आरोग्य केंद्रावर खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते बघायला सांगितलं. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. नुसती भीती दाखवलेल्यांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे केंद्र कुठे आहे ते त्यांना आधीच माहीत होतं.

आमिषाचं पितळ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये उघडं पाडलं: आवडीनं कोडी सोडवणाऱ्यांना पैसे दिले, आणि पैसे थांबल्यावर त्यांचा रस कमी झालेला आढळला. त्याच सुमारास ली रॉबिन्स व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास करत होत्या. तिथे जवळपास पाचव्या हिश्श्याला अफूजन्य अमली पदार्थांचं व्यसन जडलं होतं, पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फार थोडे पुन्हा व्यसनाधीन झाले. परतण्याआधी लघवीची तपासणी सक्तीची होती, हे खरं. तरी जागा बदलली, सोबत बदलली, याचा वाटा नाकारता येत नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर बघावा.

१९८३ मध्ये प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाचे टप्पे मांडले. ते गाजले खूप. पण माणसं इतक्या शिस्तीत पायऱ्या चढतात, हे मला फारसं पटत नाही. त्याच वर्षी आलेला विल्यम मिलर यांचा लेख मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिलर दारूच्या व्यसनावर काम करत. नॉर्वेतल्या तरुण मानसशास्त्रज्ञांना ते आपली पद्धत करून दाखवत असताना ती मंडळी मध्येच थांबवून विचारत, ‘हाच प्रश्न का विचारलात?’ उत्तरं देता देता मिलर यांना स्वतःचीच रीत उमगत गेली. समुपदेशक ‘सोड’ म्हणू लागला की समोरचा ‘का सोडू नये’ याची बाजू लढवतो आणि आपल्याच तोंडून ती ऐकून अधिक घट्ट होतो. म्हणून बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. स्टीफन रोलनिक यांच्यासह मिलर यांनी १९९१ मध्ये या पद्धतीचं पुस्तक लिहिलं. आज तिच्या प्रशिक्षणात समुपदेशकाच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकतात आणि त्यानं प्रश्न किती विचारले, समोरच्याचं म्हणणं किती वेळा त्याच्याच पुढ्यात परत ठेवलं, ते मोजतात.