ध्वनिसहायक उपकरणे व एकाकी ज्येष्ठ (पुणे)

एकट्या राहणाऱ्या, किंवा दिवसाचा बराचसा वेळ घरात एकट्याने काढणाऱ्या वृद्धांच्या सोबतीला बोलून चालवता येणारा स्पीकर ठेवण्याची पद्धत. गोळ्यांची आठवण, अभंग, बातम्या, दिवा-पंखा आणि परदेशातल्या मुलांशी बोलणे ही कामे चष्मा न शोधता, बटण न दाबता व्हावीत हा तिचा हेतू. दुकानात या वस्तूला 'स्मार्ट स्पीकर' म्हणतात. पुण्याच्या घरांत मात्र ती कोणत्याही कंपनीची असली तरी 'अलेक्सा'च. कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे.

एकटा असणे आणि एकाकी वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरच्या लिखाणात त्यांची सर्रास सरमिसळ होते. एकटेपणा बाहेरून मोजता येतो: आठवड्यात किती जण घरी आले, किती फोन झाले. एकाकीपणा ज्याचा त्यालाच ठाऊक. तो मोजण्यासाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1978 मध्ये एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात 20 प्रश्न असतात आणि जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात. रोज संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर बसणारे आजोबा घरी एकटे असून एकाकी नसतील. मुला-नातवंडांच्या घरात, जिथे प्रत्येकजण आपापल्या खोलीत मोबाइलवर असतो, तिथली आजी एकाकी असू शकते. स्पीकरचा उपयोग पहिल्या अडचणीवर थोडाफार होतो. दुसऱ्या अडचणीबद्दल बोलताना विक्रेत्यांची जीभ जरा सैल सुटते.

2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठी उलटलेले सुमारे 10.4 कोटी लोक होते. पुण्याचे वेगळेपण आकड्यापेक्षा घडणीत आहे. पेठांतले वाडे पडून सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी ओसरीवरची जा-ये बंद दारांमागे गेली. 1990 नंतर अभियांत्रिकी शिकलेली मुले अमेरिकेत स्थिरावली आणि कोथरूड, सहकारनगर, औंधच्या फ्लॅटांत दोघे, मग एकटे, असे आईवडील मागे राहिले. हे उपकरण पुण्यात आणतात ती बहुधा ही मुलेच, सुट्टीवर येताना बॅगेत घालून. म्हणजे ही पद्धत एका वर्गापुरतीच आहे. वायफाय नसलेल्या वस्तीतल्या, मुलाच्या संसारात कोपऱ्यात पडलेल्या म्हातारीपर्यंत ती पोचलेली नाही.

यंत्र यंत्रासारखेच चालते. ठरलेला हाकेचा शब्द ओळखण्यापुरते ते जागेवर कान देऊन असते. तो कानी पडला की पुढचे वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते, तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो आणि उत्तर आवाज बनून परत येते. अ‍ॅमेझॉनचा एको, म्हणजे मूळचा अलेक्सावाला स्पीकर, 2014 मध्ये अमेरिकेत आणि 2017 मध्ये भारतात आला. गूगलचा स्पीकर त्यानंतर 2018 मध्ये. एकोवरचे दिव्याचे कडे निळे झाले तर तो ऐकत असतो, पिवळे लुकलुकले तर निरोप आलेला असतो, लाल म्हणजे माइक बंद. आजीला शिकवायच्या गोष्टींत हे तीन रंग सगळ्यांत आधी येतात. 'लाल' चुकून झाले आणि कोणी सांगितले नाही, तर 'ही बया रुसली' असे समजून आजीही आठवडाभर गप्प राहते.

भाषा : पुण्यातली मुख्य अडचण हीच. अलेक्साला 2019 पासून हिंदी येते, मराठी संभाषण येत नाही. गूगलच्या फोनवरच्या सहायकाला 2018 पासून मराठी समजू लागली आणि गूगलच्याच जेमिनी या नव्या सहायकाचे मोबाइल अ‍ॅप 2024 मध्ये मराठीसह भारतात आले. पण ही सोय फोनवरची. फोन हातात धरायचा, चार्ज करायचा, सापडायचा असतो. टीपॉयवर कायमचा बसलेला स्पीकर इंग्रजी किंवा हिंदीच मागतो. त्यामुळे आयुष्यभर पेठेत राहिलेली बाई ऐंशीव्या वर्षी हिंदी जुळवू लागते : 'अलेक्सा, आठ बजे गोळी का आठवण कर दो.' यातले 'आठ बजे' तेवढे यंत्राला कळते. 'आठवण' त्याच्या हिंदीत नाही, 'गोळी'तला ळही नाही. 'याद दिलाना' हे दोन शब्द घोटून घेतले की गाडी चालते, तरी पावणेआठ, सव्वासात अशा वेळांना जीभ सवयीने मराठीकडेच वळते. वाक्य अर्धवट सोडून विचार करणे ही म्हातारपणीची बोलण्याची रीत. यंत्र मात्र दोन क्षण शांतता झाली की वाक्य संपले असे धरते. शिवाय मराठी माणूस अनोळखी बाईशी 'अहो-जाहो'ने बोलतो. यंत्राला काय म्हणावे याचा घोळ काही घरांत बरेच दिवस चालतो. 'अलेक्साबाई' ही तडजोड त्यातूनच निघते, आणि मग हाक नेमकी ओळखली जाईल याची खात्री नसते.

कान आणि दात हा त्याच अडचणीचा दुसरा भाग. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ ही व्यंजने पुसट होतात, म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही. बोलण्याचा वेग कमी करणे आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून काढून माणसाच्या समोर ठेवणे याने जास्त फरक पडतो. रात्री कवळी काढून वाटीत ठेवली की उच्चार बदलतात आणि दिवसा आज्ञाधारक असलेले यंत्र रात्री ऐकेनासे होते. पार्किन्सनच्या रुग्णाचा आवाज खोल जातो, त्याची हाक बहुधा वाया जाते. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि दूरदर्शनवरची मालिका हे नेहमीचे शत्रू.

उपयोग सांगायचा तर स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातला आधी सांगावा. 'आज वार कोणता?' हे दिवसातून वीस वेळा विचारले तरी यंत्र वैतागत नाही. सून वैतागते, आणि तिला दोष देता येत नाही. रात्री उठताना अंधारात चाचपडण्याऐवजी तोंडाने दिवा लावता येणे ही पडण्यापासून वाचवणारी साधी सोय आहे. त्यासाठी स्मार्ट बल्ब किंवा प्लग लागतो. अभंग-नाट्यगीते ऐकण्याचे प्रमाण सगळ्यांत जास्त असावे. 1953 मध्ये सुरू झालेल्या पुणे आकाशवाणीवर वाढलेल्या पिढीला मागू तेव्हा भीमसेन मिळणे ही चैनच आहे. फरक इतकाच की रेडिओवरचे गाणे शेजारच्या घरातही तेव्हाच लागलेले असे.

मुलांशी बोलण्यासाठी एकोमध्ये 'ड्रॉप इन' नावाची सोय आहे. आधी परवानगी दिलेल्या माणसाला समोरच्याने फोन न उचलताच घरात आवाज देता येतो. पुणे आणि कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात साडेबारा तासांचे, हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर असते. मुलाला सवड मिळते तेव्हा आई देवपूजेला नाही तर नुकती आडवी झालेली असते. अचानक भिंतीतून 'आई, ऐकतेयस ना?' असा आवाज येणे काहींना आधार वाटते, काहींना पाळत. ही सोय सुरू करण्यापूर्वी आईला विचारले होते का, हे बहुतेक मुलांना आठवत नाही.

आणीबाणीबाबत गैरसमज जास्त आहेत. घरातला स्पीकर 112 ला फोन लावील असे गृहीत धरू नये. हॉलमधल्या यंत्राला न्हाणीघरात पडलेल्याची हाक दाराआड ऐकू येतेच असे नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा राउटरही बंद, यंत्रही मुके. घरात इन्व्हर्टर असला तरी राउटर त्यावर जोडलेला आहे का ते कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे शेजारणीकडे दुसरी किल्ली असणे आणि सकाळची दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तर बेल वाजवणारा वॉचमन असणे याला पर्याय नाही. नुसते बोलायला, चौकशीला माणूस हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन 2021 पासून देशभर सुरू आहे. महाराष्ट्रात ती पुण्याची जनसेवा फाउंडेशन चालवते. पलीकडे माणूस असतो आणि तो मराठी बोलतो.

परदेशात हे प्रयोग सरकारी पातळीवरही झाले. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटी कौन्सिलने सामाजिक सेवा घेणाऱ्या काही जणांच्या घरी एको बसवले. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण विभागाने 2022 मध्ये 800 हून अधिक एलिक्यू यंत्रे वाटायचे ठरवले; हे यंत्र हाकेची वाट न पाहता स्वतःहून बोलायला सुरुवात करते. यंत्राला माणूस समजण्याची ओढ मात्र जुनी आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात केलेला 'एलायझा' हा प्रोग्रॅम समोरच्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारत असे, तरी लोक त्याच्याशी मन मोकळे करीत. त्याने वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाले. आजवरचे बहुतेक अभ्यास थोड्या लोकांवर आणि थोडे आठवडे केलेले आहेत. सुरुवातीला एकाकीपणा कमी झाल्याचे त्यांतल्या काहींत दिसते. नवलाई ओसरल्यावर काय होते हे त्यांतून सांगता येत नाही. पुण्यातल्या घरांत डोकावले तर एवढे दिसते की जिथे दर आठवड्याला कोणीतरी येऊन 'काय म्हणतेय तुमची बाई?' असे विचारते, तिथे यंत्र चालू असते. जिथे मुलगा परत गेला, राउटर बदलला आणि यंत्र त्याला पुन्हा कोणी जोडून दिले नाही, तिथे त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असतो.

खाते बहुधा मुलाच्या नावावर असते, म्हणून यंत्राशी बोललेले सारे मुलाच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये वाचता येते. आईला हे आधी सांगायला हवे. नोंदी तिथूनच खोडताही येतात. माणूस गेल्यावर अंत्यविधी, बँक, गॅस, पेन्शन या धावपळीत स्पीकर कुणाच्या ध्यानात राहत नाही. रोजची म्हणून लावलेली आठवण कोणी रद्द केली नाही, तर दहाव्या दिवशीही रात्री आठला ती गोळी घ्यायला सांगते. ती रद्द करायची जागाही अ‍ॅपमध्येच आहे.