डबा भरलेला परत का येतो?

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं जड जाणारा विकार, यासाठी औषध चालू असलेल्या अनेक मुलांचा डबा शाळेतून जवळजवळ तसाच परत येतो. मग संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास तेच मूल फरसाणाची बरणी आणि बिस्किटांचा पुडा एका बैठकीत संपवतं. घरात बोलणी सुरू होतात: "पोळी-भाजी नको, चटरमटर बरं चालतं!" त्या मुलाची बाजू कुणीतरी नीट मांडायला हवी, असं मला फार वाटतं.

मिथाइलफेनिडेट हे या विकारात सर्रास दिलं जाणारं औषध. मेंदूच्या पेशी डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं सोडतात आणि लगेच परत शोषूनही घेतात. हे औषध त्या शोषणाला अटकाव करतं, त्यामुळे लक्ष टिकायला मदत होते. पण त्याबरोबर भूकही मरते. साध्या गोळीचा असर तीन-चार तास राहतो, सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. म्हणजे शाळेची मोठी सुट्टी नेमकी त्या काळात येते. मुलाला तेव्हा खरंच भूक नसते. असर उतरला की दिवसभराची राहिलेली भूक एकदम उसळते.

हे कळलं की वेळापत्रक बदलता येतं. सकाळी गोळीच्या आधी किंवा गोळीसोबत पोटभर नाश्ता द्यावा: थालीपीठ-दही, भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे, उकडलेलं अंडं. डब्यात थोडंच द्यावं, दोन घासांत संपणारं. घरी आल्या आल्या हाताशी काहीतरी तयार असावं, आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा भूक लागली तर दूध किंवा मूगडाळीचं धिरडं द्यायला काहीच हरकत नाही. वजन-उंचीची नोंद ठेवावी आणि वजन घटत असेल तर डॉक्टरांना सांगावं. गोळी परस्पर बंद करू नये.

एडीएचडी असलेल्या मोठ्यांची अडचण जरा वेगळी असते, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ठाण्याहून ऐरोली-महापेला नोकरीला जाणारा, औषध न घेणारा माणूसही दुपारचं जेवण विसरतो. काम आवडीचं असेल तर तो त्यात असा बुडतो की भुकेची जाणीवच पोहोचत नाही. चार वाजता हात थरथरतात, चिडचिड होते, आणि संध्याकाळी ठाणे स्टेशनला गाडीतून उतरल्यावर पहिला दिसतो तो वडापाव. एखादा वडापाव खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. पण रोज तेच दिवसाचं पहिलं धड खाणं असेल तर बिघडतं.

अशा माणसाला "मोड आलेली कडधान्यं खा" हा सल्ला निरुपयोगी आहे. मटकी आदल्या दिवशी आठवणीने भिजवायची, उपसून बांधून ठेवायची, मोड यायची वाट बघायची, मग फोडणी. पुढचं ठरवणं, क्रम लावणं, सुरू केलेलं तडीस नेणं हीच कामं एडीएचडीत जड जातात. फ्रीजच्या खालच्या खणात पिशवीत ठेवलेला पेरू त्याच्यासाठी नसल्यातच जमा. म्हणून माझ्या मते खाऊ निवडताना पहिला प्रश्न पौष्टिकतेचा नसावा. तो नजरेसमोर आहे का आणि धुणं-चिरणं न करता तोंडात टाकता येतो का, हे आधी बघावं.

सुदैवाने आपल्याकडे असा खाऊ कोपऱ्यावर मिळतो. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले फुटाणे काचेच्या बरणीत भरून कामाच्या टेबलावरच ठेवावेत. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, जवळपास एका अंड्याइतकी. प्रथिनं आणि तंतू असलेलं खाणं पोटातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे बिस्किटांसारखी तासाभरात पुन्हा भूक लागत नाही. शिवाय कुरकुरीत चावताना अनेकांना बरं वाटतं, कंटाळा जातो. शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, ताक हेही त्याच पठडीतले.

साखरेने मुलं उधळतात, हा समज मात्र सोडून द्यावा. १९९५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. दात आणि वजन ही साखर कमी करायची पुरेशी कारणं आहेत. कृत्रिम रंगांबाबत थोडी सावधगिरी योग्य. २००७ मध्ये साउदॅम्प्टनला सुमारे ३०० मुलांवर झालेल्या प्रयोगात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलपणा किंचित वाढलेला दिसला, सगळ्या मुलांत सारखा नाही. युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे पाकिटामागे १०२, ११०, १२२ हे आकडे दिसले तर ते त्यांतलेच रंग.

आणि रोज तेच खाल्लं तरी चालेल. चार महिने दुपारी फुटाणे आणि केळंच खाणाऱ्या मुलाला "वेगळं काहीतरी खा" म्हणून टोकू नका. दुपारी काय खायचं हे त्याला रोज नव्याने ठरवावं लागत नाही, हाच त्याचा मोठा आधार आहे. फोनवर तीन वाजताचा गजर तेवढा लावून द्या.