इथेनॉलचा दर आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंदी घालणारा ७ डिसेंबर २०२३ चा आदेश : पार्श्वभूमी

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या पहिल्या सरकारी चाचण्या २००१ मध्ये तीन ठिकाणी झाल्या : नाशिक जिल्ह्यातले मनमाड, शिवाय मिरज आणि उत्तर प्रदेशातले बरेली. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सक्तीचे झाले. पुढे ऊस कमी पडला, मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा आणि इथेनॉलसाठी लागणारा पाक, टंचाईत आली आणि दोन वर्षांच्या आत सक्ती सैल करावी लागली. त्याच सुमारास डिझेलसाठी जट्रोफाचा, म्हणजे मोगली एरंडाचा, मोठा गाजावाजा झाला. माळरानावर पाण्याशिवाय तेल पिकेल असे शेतकऱ्यांना सांगितले गेले. ते पिकले नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बायोडिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, पण मिश्रण अजून १ टक्क्याच्या आतच आहे.

इथेनॉल मात्र पुढे गेले, ते दरामुळे. २०१३-१४ मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. २०१४ च्या अखेरीस सरकारने दर ठरवून द्यायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये कच्च्या मालानुसार वेगवेगळे दर लावले. सी-हेवी मळीच्या, म्हणजे साखर पुरती काढून उरलेल्या मळीच्या, इथेनॉलला लिटरला ४३ रुपये ४६ पैसे, बी-हेवीला, म्हणजे थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीच्या इथेनॉलला, ५२ रुपये ४३ पैसे, थेट रसापासून केलेल्याला ५९ रुपयांच्या पुढे. साखर काढायची कमी आणि रसात-मळीत ठेवायची जास्त, यासाठीच ही चढती भाजणी होती. जोडीला आसवनी, म्हणजे इथेनॉल गाळणाऱ्या, प्रकल्पांच्या कर्जावर व्याजसवलत आली आणि कारखान्यांनी कर्जे उचलली. जून २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर पोचले.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. २००५ च्या कायद्याने तिथल्या तेलशुद्धीकरण कंपन्यांवर जैवइंधनाचा कोटा घातला आणि प्रत्येक गॅलनला एक क्रेडिट जोडले. बायोडिझेलच्या गॅलनला दीड. ज्याच्याकडे इंधन कमी, तो क्रेडिट विकत घेतो. बायोडिझेल डिझेलपेक्षा जितके महाग पडते, तितका क्रेडिटचा भाव चढतो. सरकारचा डोळा फिरला की तिथेही भाव कोसळतात, पण धोरणाची किंमत बाजारात रोज उघड दिसते. आपल्याकडे असे काही नाही. दर, कच्चा माल, खरेदीदार, सारे आदेशाने ठरते. म्हणून एक आदेश बदलला की सगळा हिशेब बदलतो.

७ डिसेंबर २०२३ ला तेच झाले. इथेनॉलचे पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरला सुरू झाले होते, गाळप चालू होते, तेल कंपन्यांशी करार झाले होते. त्या ऑगस्टमध्ये पावसाने दगा दिला होता, साखर कमी पडण्याची धास्ती होती आणि लोकसभा निवडणूक तोंडावर होती. उसाचा रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरायला तत्काळ बंदी आली. कांदा निर्यातबंदीच्या अधिसूचनेवरही हीच तारीख आहे. नाशिकमध्ये कांद्याच्या संतापात उसाचा आदेश झाकोळला. लिलाव बंद पडले, महामार्ग अडला, आसवन्यांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. दोन्ही निर्णयांमागे विचार एकच होता : शहरातल्या ग्राहकाला महागाई दिसू नये, आणि त्याचा भार पिकवणाऱ्याने उचलावा.

आठवडाभरात १७ लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये पडून राहिलेली बी-हेवी मळी वापरायला परवानगी आली, ऑगस्टअखेरीस पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. दरम्यान राज्यातले साखर उत्पादन सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले होते. ज्या टंचाईसाठी बंदी घातली, ती आलीच नाही. व्याजाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

त्या बंदीने मक्याचे दार उघडले. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर ७१ रुपये ८६ पैसे झाला. येवला, मालेगाव, चांदवडच्या मका उत्पादकाला बरा भाव मिळाला, तर जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांचे खाद्य महागले. मग २०२५ मध्ये सरकारने गोदामातला तांदूळ क्विंटलला २२५० रुपयांनी आसवन्यांना दिला आणि त्या खरिपाचा मका निघाला तेव्हा बाजारभाव २४०० रुपयांच्या हमीभावाच्या खाली होता.

उसाच्या बाजूने पाहिले तर रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून ६५ रुपये ६१ पैशांवर आणि बी-हेवीचा ६० रुपये ७३ पैशांवर थांबवला गेला. याच काळात एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३०५ वरून ३५५ रुपयांवर गेली. ती वाढ शेतकऱ्याच्या हक्काचीच आहे; पण ती द्यायची कुठून, हे कारखान्यांना कुणी सांगत नाही, आणि तोटा शेवटी थकलेल्या ऊसबिलातच उतरतो. २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोचले आणि मागणी तिथेच अडली. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १०५० कोटी लिटर मागितले, उत्पादकांनी १७७६ कोटी लिटर देऊ केले. वाटपात मक्याला सर्वांत मोठा वाटा गेला, उसाच्या पदरी तीस टक्केही आले नाहीत.