अंकलिपीच्या आधीचं पुस्तक

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली सुरू झालं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्या वर्षी एखादी आई दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन तिथे गेली असती तर? त्या काळी असं घडणं अवघडच, पण समजा गेली असती. मोठ्यांसाठी काव्य, इतिहास, नाटक मिळालं असतं. शाळेत जाणाऱ्या थोरल्यासाठीही चार पुस्तकं निघाली असती. कडेवरच्या धाकट्यासाठी म्हणून केलेलं एकही मराठी पुस्तक तिला मिळालं नसतं, कारण तसं पुस्तक असतं ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती.

आज घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरूळ, ऐरोलीतल्या घरात बाळ सहा महिन्यांचं झालं की आईबाबा विचारतात, ‘याला वाचून काय दाखवायचं?’ दुकानात इंग्रजी पुस्तकांची रांग असते, मराठीत हाताला पटकन लागते ती अंकलिपी. असं का झालं हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

गोष्टींची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. एकाचं घर शेणाचं, दुसरीचं मेणाचं, पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. ही गोष्ट महानुभाव पंथाच्या, तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त आहे. तिथे चिमणीच्या जागी ‘साळै’ हा पक्षी आहे, कावळा मात्र तोच. महानुभावांचं वाङ्मय उजेडात आणणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांत ठाण्याच्या भाव्यांचं नाव घ्यावं लागतं, त्यामुळे या गोष्टीचा धागा असा आपल्या गावाशीही येऊन जुळतो.

सातशे वर्षं ही गोष्ट टिकली कशी? तिची घडण पाहा. कावळा दार ठोठावतो, चिऊ म्हणते थांब, बाळाला अंघोळ घालते. पुन्हा ठोठावतो, थांब, बाळाला तीट लावते. पुन्हा ठोठावतो, थांब, बाळाला निजवते. दर वेळी वाक्य तेच, त्यातला एकच तुकडा बदलतो, आणि बदलतो तोसुद्धा बाळाच्या रोजच्या दिवसातलाच. तिसऱ्यांदा ऐकणारं मूल ‘थांब’ आपणच म्हणतं. वाचता न येणाऱ्या मुलाला गोष्टीत शिरायला यापेक्षा रुंद दार कोणतं असणार? जगभरची दोन-तीन वर्षांच्या मुलांची उत्तम चित्रपुस्तकं याच रचनेवर उभी असतात. ठरलेलं पालुपद, थोडासा बदल, आणि पान उलटण्याआधी पुढचं ओळखण्याचा आनंद. आपल्या आज्यांना ते पुस्तकाशिवाय साधलं होतं.

त्याहून लहानांसाठी अंगाई होती, बोटं दुमडत म्हणायची बडबडगाणी होती, आणि जात्यावरच्या ओव्या होत्या. पहाटे दळायला बसलेल्या बाईच्या मांडीवर तान्हं असे, आणि तिच्या ओवीत त्याचं वाळं, त्याचा मामा, त्याचं रांगणं येई. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संकलनात गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, यावरून हा साठा केवढा होता ते कळावं. पण गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. मात्र ओवी हातांच्या त्या फेऱ्याला बांधलेली होती. फेरा थांबला तशी ती घरातून निघून गेली आणि बाळाच्या कानाशी तेवढीच शांतता उरली.

ती जागा छापील पुस्तकानं घ्यायला हवी होती. मराठी छपाई मात्र वेगळ्याच वाटेनं गेली. तंजावरला सरफोजीराजांच्या पदरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाली. नव्या शाळांना पुस्तकं हवी होती, आणि शाळेला हवा होता बोध. म्हणून गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ आलं आणि दीडशे वर्षं तिथून हललं नाही. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१ चं, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ चं, बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ चं. या मासिकांनी पिढ्या घडवल्या आणि मी स्वतः त्यांची ऋणी आहे. तरी त्यांचा वाचक सात-आठ वर्षांच्या पुढचा, स्वतः अक्षर लावणारा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अंकलिपी पडली. अक्षरं, बाराखडी, पाढे, जुन्या प्रतींत पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणजे पावकी-निमकीसुद्धा. ती शिकण्याची वही होती. तिला वाचून दाखवायचं पुस्तक कुणी समजत नव्हतं, पण घरातलं बाळाचं पहिलं पुस्तक तेच असल्यानं ‘पुस्तक म्हणजे विचारपूस’ हे नातं तिथेच घट्ट झालं. ‘ग कशाचा? सांग बरं!’ आजही चित्रपुस्तक उघडल्यावर आपण पहिला प्रश्न हाच विचारतो.

या नात्याला पहिला धक्का दिला तो बालवाडीच्या चळवळीनं, आणि तिचा मोठा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यात घडला. गिजुभाई बधेका पेशानं वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी यावर गिजुभाईंनी गुजरातीत ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथच लिहिला. गोष्ट आनंदासाठी सांगायची, उपदेशाची गोळी गिळवायला नव्हे, यावर ते ठाम होते. तात्पर्याच्या त्या काळात असं म्हणायला धैर्य लागत होतं.

ताराबाई पुढे बोर्डीला आल्या. १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेले. हे सगळं काम झालं तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होते. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. मुलं गुरं राखायला जात, तर तिथे कुरणशाळा भरली. साधनं म्हणून खडे, पानं, बिया, शंख-शिंपले.

वाचून दाखवण्याशी याचा संबंध मला फार जवळचा वाटतो. मुलाची घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, हा प्रश्न कोसबाडला रोज समोर येत होता. मुलाच्या बोलीतून, त्याच्या भोवतालच्या वस्तूंतून सुरुवात करायची आणि तिथून प्रमाण भाषेकडे यायचं, ही वाट त्या अंगणात रुळली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. शब्दाबरोबर गोष्टीचा तास तितक्याच जोमानं पोचला असता तर आजचं चित्र वेगळं दिसलं असतं.

चित्रांच्या बाबतीत अडचण पैशाची होती. चार रंगांची छपाई महाग, मराठी खरेदीदार मोजका, त्यामुळे प्रकाशक मजकुरावर भर देत आणि मधूनमधून एखादं काळं-पांढरं रेखाचित्र टाकत. कविता त्या मानानं स्वस्तात पुढे गेली. विंदा करंदीकरांचं ‘राणीची बाग’ १९६१ चं. वाचतानाच तोंडात नाचणारं, तात्पर्य नसलेलं, निखळ मजेचं. रंगीत चित्रं आली ती दोन वाटांनी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयानं तीच चित्रं ठेवून अनेक भाषांत पुस्तकं काढली, त्यामुळे किंमत आवाक्यात आली. दुसरी वाट सोव्हिएत पुस्तकांची. मॉस्कोत राहून अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती मराठीत आणली आणि लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीतून ती गावोगाव गेली. बर्फ कधी न पाहिलेली ठाण्याची मुलं त्या बर्फात रमली. ‘आपल्या मातीतलंच हवं’ असा हट्ट धरणाऱ्यांनी हे जरूर आठवावं. वस्तू परकी चालते, वाक्य परकं चालत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, पुस्तकं यायची थांबली, आणि ती पोकळी बराच काळ तशीच राहिली.

ती मराठीतूनच भरून काढणारं सर्वांत ठळक नाव माधुरी पुरंदरे. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांची. ‘राधाचं घर’मधली आई, बाबा, आजी, आजोबा कुठल्याही मराठी घरातले आहेत, आणि त्या छोट्या पुस्तकांतलं मूल कुणाला काही शिकवायला आलेलं नाही. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सनं स्वस्त पुस्तकं काढली आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर ती मराठीसह अनेक भाषांत मोफत खुली केली.

जगात इतरत्र याच काळात ‘इतक्या लहान बाळाला वाचून काय उपयोग’ या शंकेला उत्तरं मिळत होती. १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांना एक ठरावीक मजकूर रोज मोठ्याने वाचायला सांगितला. जन्मल्यावर बाळांनी नव्या मजकुरापेक्षा तोच ओळखीचा मजकूर पसंत केला. अभिमन्यूची गोष्ट सांगत आलेल्या आपल्याला याचं फारसं आश्चर्य वाटू नये. १९८८ मध्ये व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वाचणाऱ्यानं थांबून मुलाला बोलू दिलं, त्याच्या शब्दात भर घातली, की मुलाची भाषा अधिक वाढते. १९९२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुमारे ३०० बाळांच्या कुटुंबांना आरोग्य तपासणीच्या वेळी पुस्तकं दिली गेली. ‘बुकस्टार्ट’ ही योजना तिथून पसरली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जन्मापासून वाचून दाखवा, असा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये वर्षाआतल्या बाळासाठी टीव्ही-मोबाइलचा पडदा अजिबात नको आणि बसल्या वेळी वाचन-गोष्टी हव्यात, असं सांगितलं.

आता पुन्हा आपल्या घरात. नवं शहर उभारणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० ची. नवी मुंबई वसली ती बाहेरून आलेल्या कुटुंबांनी. कोपरखैरण्यातल्या माथाडी कुटुंबाची आजी साताऱ्याकडे गावी असते, गिरगाव-लालबागच्या चाळीतून ठाण्यात आलेल्या घरात आत्या-काकू लांब राहिल्या. गोष्टी पाठ असलेलं माणूस त्या घरात नाही. शेजारच्या घणसोली, दिवाळे, करावे या गावांत आगरी-कोळी बोली जिवंत आहे, पण पुस्तकाची भाषा तिच्यापासून दूर. म्हणून आमच्याकडे पुस्तक निवडणं हा फक्त खरेदीचा प्रश्न राहत नाही. आजीच्या जागी काय ठेवायचं, हे त्यात ठरतं.

माझी कसोटी साधी आहे. पुस्तक दुकानातच हलक्या आवाजात वाचून पाहावं. ‘येथे’, ‘परंतु’, ‘त्याने विचारले’ असं जिभेला अडखळवणारं असेल तर मांडीवरचं मूलही अडखळेल. तान्ह्यासाठी जाड पुठ्ठ्याचं, पानावर एकच ठळक चित्र असलेलं घ्यावं. त्याची नजर पहिल्या दिवसांत वीतभर अंतरावरच नीट ठरते. तो ते चावणार, चावू द्यावं. दीड-दोनला पालुपद असलेलं. तीनच्या पुढे असं, ज्यात मुलाला मनापासून ‘मग?’ विचारावंसं वाटेल. तात्पर्य छापलेलं असेल तर ते वाचूच नये. आगरी घरात पुस्तकातलं वाक्य खुशाल आगरीत म्हणावं. आणि आठवड्यातून एकदा, गावच्या आजीला फोन लावून तिच्याच आवाजात चिऊ-काऊ ऐकवावी. ती विसरली असेल तर पहिलं वाक्य आपण म्हणावं. दार ठोठावलं की पुढचं तिला आठवतं.