पाचशे सीसी मोटारशर्यत

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील हौशी चालकांत रूढ झालेला, मोटारसायकलचे इंजिन बसवलेल्या एकआसनी गाड्यांचा शर्यतप्रकार. इंजिन ५०० घन सेंमी.पर्यंतचे, सुपरचार्जरविना (म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या यंत्राविना), इंधन मात्र कोणतेही चाले. १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) त्याला फॉर्म्युला ३ म्हणून मान्यता दिली. गाडीचे किमान वजन २०० किग्रॅ. ठरले.

उगम : कल्पनेचे श्रेय सामान्यतः ब्रिस्टलच्या विमान कारखान्याभोवतीच्या मंडळींना, विशेषतः डिक सीझर यांना दिले जाते. युद्धापूर्वी तेथील ‘कापा’ हा गट स्वस्त गाड्यांच्या शर्यती करीतच असे. दुसऱ्या मताप्रमाणे इंग्लंडमधील शेल्सली वॉल्शच्या चढावशर्यतींतील मोटारसायकल-इंजिनांच्या गाड्या हे खरे मूळ होय. तथापि त्यांपैकी प्रसिद्ध ‘ब्लडी मेरी’ला (जॉन बोल्स्टर यांची) जॅप या ब्रिटिश कंपनीची दोन इंजिने होती, क्षमता मर्यादित ठेवून खर्च आवरण्याचा विचार त्यात दिसत नाही. तेव्हा नियमांचा उगम ब्रिस्टलमध्ये, १९४५–४६ च्या सुमारास, मानणे अधिक सयुक्तिक.

गाडी व देखभाल : १९४६ मध्ये जॉन कूपर व एरिक ब्रँडन यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या इटालियन मोटारीच्या दोन गाड्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले. एक-सिलिंडरी जॅप स्पीडवे इंजिन चालकाच्या मागे आले, कारण मागच्या आसाला फिरवणारी साखळी त्यामुळे आखूड राहते. डिफरेन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नव्हते. कॉलिन स्ट्रँग यांच्या गाडीत व्हिन्सेंट-एचआरडी या मोटारसायकलचे इंजिन होते.

इंधन बहुधा मिथेनॉल. त्यासाठी कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी छिद्रे) बरेच मोठे लागत. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते व हलक्या मिश्रधातूचे भाग खाते. म्हणून शर्यत संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे लागत. इंजिन ‘गरम’ (उष्णता धरून ठेवणाऱ्या) स्पार्क प्लगवर तापवून, सुटण्याआधी ‘थंड’ (उष्णता लवकर सोडणारा) प्लग बसवीत. हे विसरल्यास पिस्टनला भोक पडण्याची भीती. जॅपमध्ये तेल एकदा फिरून बाहेर जाई, परतत नसे. पंप जास्त सोडला तर प्लग माखे, कमी सोडला तर पिस्टन अडके. एरंडेल तेलात खनिज तेल मिसळत नसल्याने तेल बदलताना टाकी व नळ्या धुवाव्या लागत. एका सिलिंडरच्या हादऱ्यांनी इंजिनाचे आधार तडकत, आणि साखळीची रेषा चुकली की ती तुटे. हौशी चालकाचे निकाल बऱ्याच अंशी या कामावरच ठरत.

शर्यती : पहिल्या शर्यती चढावांवर व विमानतळांच्या धावपट्ट्यांवर झाल्या. ऑक्टोबर १९४८ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे ग्रां प्रीच्या दिवशीची पाचशेंची शर्यत स्पाइक रिआंडो यांनी जिंकली. स्टर्लिंग मॉस यांनी त्याच वर्षी कूपर गाडीवर सुरुवात केली. १९५० पासून ब्रँड्स हॅचच्या डांबरी मार्गाचीही भर पडली. पुढे नॉर्टन या मोटारसायकल कंपनीचे दोन कॅमशाफ्टचे (झडपा उघडणाऱ्या दांड्यांचे) इंजिन वरचढ ठरले. पण कंपनी सुटे इंजिन विकत नसल्याने तिची अख्खी ‘मँक्स’ शर्यती मोटारसायकल घेऊन ते काढावे लागे, आणि स्वस्ताईचा मूळ हेतू तेथेच ढळला. चाळिशी ओलांडलेले, लहान चणीचे डॉन पार्कर १९५२, १९५३ व १९५९ चे ब्रिटिश विजेते होत. नंतर फॉर्म्युला ज्युनिअर या दुसऱ्या शर्यतप्रकाराने ही जागा घेतली.