‘पूरक’ या एका शब्दाची किंमत: दंडावरच्या ग्लुकोज सेन्सरची पार्श्वभूमी

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेली ती नाण्याएवढी चकती रक्ताला स्पर्शही करत नाही. बसवताना सुई आत जाते आणि त्याच क्षणी परत येते. मागे राहते ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची, केसासारखी बारीक तार, आणि ती पेशींभोवतीच्या द्रवात असते. रक्तातली साखर या द्रवात उतरायला वेळ लागतो, म्हणून सेन्सरचा आकडा बोटातल्या रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागून चालतो. एरवी हे जाणवत नाही. जेवणानंतर साखर झपाट्याने चढताना किंवा व्यायामात उतरताना मात्र दोन आकडे उघडउघड वेगळे दिसतात. जाहिरातींत सर्रास दिसणारे ‘रक्तातली साखर मोजणारा पॅच’ हे वर्णन म्हणूनच चुकीचे आहे. आणि पुढचा सगळा वाद या फरकातूनच निघाला: या आकड्यावर भरवसा ठेवून इन्सुलिन घ्यायचे की नाही?

कल्पना जुनी आहे. १९६२ मध्ये सिनसिनाटीतल्या संशोधकांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून साखर मोजता येईल, अशी मांडणी केली. एन्झाइम ग्लुकोजवर काम करताना ऑक्सिजन वापरते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. प्लॅटिनमच्या तारेवर तो मोडला की सूक्ष्म विद्युतप्रवाह मिळतो, आणि त्यावरून साखर काढायची. प्रयोगशाळेत हे जमले, शरीरात अडले. कारण तिथे साखर मुबलक आणि ऑक्सिजन तुटपुंजा. साखरेला अडवून थोडी थोडीच आत सोडणारा पडदा तारेवर चढवावा लागला. १९८२ मध्ये ओसाकात सुईच्या आकाराचा, अंगावर बाळगता येणारा सेन्सर माणसांवर वापरला गेला.

अमेरिकेत पहिल्या सेन्सरला मंजुरी मिळाली १९९९ मध्ये. तो तीन दिवस चालायचा, दर पाच मिनिटांनी नोंद घ्यायचा, म्हणजे दिवसाला २८८ नोंदी. पण पेजरएवढ्या त्या यंत्रावर रुग्णाला त्यातला एकही आकडा दिसत नसे! दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनी माहिती उतरवून घेतली की मग कळायचे, परवा रात्री दोन वाजता साखर ५० पर्यंत घसरली होती. ज्याच्या अंगात ती तार, त्यालाच अंधारात ठेवलेले. आकडा पाहून लोक घाबरतील, चुकीचा डोस घेतील, ही त्यामागची भीती होती. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, मनगटावरचे एक यंत्र आले. ते सौम्य विजेने त्वचेतून द्रव ओढून काढायचे आणि वापरणाऱ्याला आकडा दाखवायचे. पण त्याने कातडी लाल व्हायची, खाज सुटायची आणि घाम आला की नोंद गळायची. काही वर्षांत ते बाजारातून गेले.

आकडे दिसू लागले, तरी लेबलवर एक शब्द चिकटलेला राहिला: ‘पूरक’. अर्थ असा, की सेन्सर दिशा दाखवेल, पण इन्सुलिन घेण्याआधी बोट टोचून खात्री करा. या काळजीला आधार होता. पॅरासिटामॉलसुद्धा प्लॅटिनमवर तसाच प्रवाह देते, म्हणून तापाची साधी गोळी घेतली तरी जुने सेन्सर साखर खोटीच वाढलेली दाखवत. मूल सेन्सर असलेल्या कुशीवर झोपले की दाबामुळे तिथला द्रव हटतो, आकडा कोसळतो आणि रात्री तीन वाजता अलार्म ओरडतो. आई धडपडत उठून बोट टोचते, तर पट्टीवर ११२, म्हणजे साखर ठीकच.

तरीही २०१६ पर्यंत परिस्थिती बदलली होती. सेन्सर सुधारले होते आणि बरेच लोक लेबल बाजूला ठेवून सेन्सरवरच डोस ठरवत होते. त्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीपुढे हा प्रश्न आला. विरोधकांचा मुद्दा असा, की साखर कमी असतानाच सेन्सर जास्त चुकतो आणि नेमकी तिथेच चूक परवडत नाही. समर्थक म्हणत, ग्लुकोमीटर तरी कुठे अचूक आहे? त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतात. शिवाय पट्टी एकच ठिपका देते. १२० दाखवते, पण तो १२० चढता की उतरता, हे सांगत नाही. माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक आहे, आणि तो मान्य व्हायला फार उशीर झाला. सुरक्षिततेच्या प्रश्नावर ८ विरुद्ध २ मते पडली आणि डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली.

‘पूरक’ हा शब्द वैद्यकीय वाटतो, पण त्याचा खरा फटका पैशात बसत होता. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा म्हणायचा, यंत्र पूरक आहे, म्हणजे ते केवळ खबरदारीचे. त्याचे पैसे आम्ही देणार नाही. खासगी विम्यावर वर्षानुवर्षे सेन्सर वापरलेल्या माणसाचा ६५ वा वाढदिवस झाला की सेन्सर बंद. तेही साखर लो होतेय हे आतून जाणवणे वयाबरोबर कमी होते, त्या वयात. लेबल बदलल्यावर जानेवारी २०१७ मध्ये हा विमा काही सेन्सरचे पैसे देऊ लागला, पण अटी घालून. सेन्सर हवा असेल तर आधी रोज चार वेळा बोट टोचत असल्याचे दाखवा! बोट टोचणे थांबवणाऱ्या वस्तूसाठी ही अट, आणि ती निघायला २०२१ उजाडले. सुरुवातीला तर आकडा फोनवर पाहिला तरी पैसे नाकारले जात. ‘पूरक’ असलेल्या सेन्सरनाही विमा लागू झाला तो २०२२ मध्ये.

दरम्यान कारखान्यातच जुळवून येणारे, म्हणजे बोट टोचून आकडा जुळवावा न लागणारे सेन्सर आले होते. युरोपात २०१४ मध्ये आलेला सेन्सर १४ दिवस चालायचा आणि तासाभरात सुरू व्हायचा. अमेरिकेत २०१७ मध्ये तो आला, तेव्हा १० दिवसांचा आणि बसवल्यावर १२ तास थांबायला लावणारा. पॅरासिटामॉलची अडचण नेहमीच्या डोसपुरती दूर करणारा पडदा २०१८ मध्ये आला. आता तारेऐवजी सूक्ष्म सुयांच्या जाळीवर काम चालू आहे. साखरेसोबत लॅक्टेट (स्नायूंच्या श्रमात वाढणारा पदार्थ) किंवा अल्कोहोलही मोजणारी अशी जाळी २०२२ मध्ये सॅन डिएगोत दाखवली गेली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणारा सेन्सर मंजूर झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी तिथल्या नियामकाने जाहीर केले होते, की त्वचा न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला आपली मंजुरी नाही.

भारतात २०१५ मध्ये आधी डॉक्टरांसाठीची आवृत्ती आली. चकती दंडावर, आकडे मात्र डॉक्टरांच्या यंत्रात. १९९९ चीच पद्धत. रुग्णाला स्वतःचा आकडा स्वतः पाहता येईल अशी आवृत्ती २०२० च्या अखेरीस आली. दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात आणि टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला वर्षाला असे २६ लागतात. आपल्याकडच्या नेहमीच्या आरोग्यविम्यात हा खर्च बसत नाही; तो आईवडिलांच्या खिशातून जातो.