क्रिएटिनिन वाढलं, पण कशामुळे? ‘बीके पीसीआर’ची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, तेव्हा स्वॅब पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जायचे आणि अख्खा सांगली जिल्हा रिपोर्टकडे डोळे लावून बसायचा. पुढे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच तपासणी सुरू झाली. पीसीआर हा शब्द गावोगाव पोचला तो त्या काळात. त्यामुळे किडनी बदललेल्या रुग्णाला आज डॉक्टरांनी ‘बीके पीसीआर’, म्हणजे बीके नावाच्या विषाणूची तपासणी, लिहून दिली, की घरचे आधी विचारतात, “पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?” इथे तेवढ्यावर भागत नाही. विषाणू किती आहे, हा आकडा बघावा लागतो.

हा विषाणू सापडला १९७१ साली, लंडनमध्ये. किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाची मूत्रवाहिनी अरुंद झाली होती. त्याच्या लघवीत सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो दिसला. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं बी. के., तेच विषाणूचं नाव झालं. बहुतेक माणसांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि किडनीत, मूत्रमार्गात गपगुमान पडून राहतो. आईनं लेकराला किडनी दिली, तर तिच्यासोबत तोही येऊ शकतो. धडधाकट माणसाला त्याचा त्रास नसतो, म्हणून पुढची वीसेक वर्षं डॉक्टरांचं लक्ष जास्त करून सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूकडे राहिलं. त्यानं ताप येतो, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात; पण त्यावर गॅन्सिक्लोव्हिर हे औषध तरी मिळालं.

बीकेनं डोकं वर काढलं ते नव्वदच्या दशकात. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी जोरदार औषधं आली, शरीरानं नवी किडनी नाकारण्याचं, म्हणजे रिजेक्शनचं, प्रमाण घटलं. पण काही रुग्णांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, तरीही चढत होतं. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर, सूज दिसायची. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले जायचे आणि किडनी आणखी खालावायची. खरं तर आत बीके वाढत होता. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते, बीके असेल तर दाब सैल करावा लागतो. लक्षण एकच, इलाज अगदी उलटे! या चाचणीच्या इतिहासातला मला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग हाच आहे. आईनं, बहिणीनं, बायकोनं दिलेली किडनी चुकीच्या दिशेच्या उपचारानं हातची जाऊ शकत होती, आणि बीकेला नेमकं मारणारं खात्रीचं औषध आजही नाही.

लघवीतल्या फुगलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून अंदाज बांधता यायचा. पण लघवीत विषाणू सापडलेल्या पुष्कळांची किडनी ठणठणीत असते. पीसीआरचं तंत्र कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलं, त्यासाठी १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करत न्यायचा, म्हणजे नगण्य प्रमाणही दिसू लागतं. नव्वदच्या दशकातच ही वाढ मशिनवर चालू असताना मोजता येऊ लागली आणि मिलिलिटरमागे विषाणूच्या डीएनएच्या किती कॉपी, हे सांगता आलं. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की रक्तातल्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, बीके सापडणं हा किडनीला इजा होत असल्याचा लघवीपेक्षा जवळचा पुरावा आहे.

मग नुसतं बिघडल्यावर तपासण्यापेक्षा आधीच तपासत राहण्याची पद्धत पडली. केडीआयजीओ या किडनीच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिले तीन ते सहा महिने दर महिन्याला आणि त्यानंतर वर्ष पुरं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी चाचणी सुचवली आहे. क्रिएटिनिन कारणाशिवाय वाढलं तर वेगळी. प्लाझ्मात मिलिलिटरमागे १०,००० कॉपींच्या वर आकडा टिकून राहिला, की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची, असं त्या सूचनांत होतं. ती डॉक्टरांनीच, घरी कुणी आपल्या मनानं गोळी सोडली, तर खरंच रिजेक्शन होऊ शकतं.

एक अडचण बरीच वर्षं राहिली. एकाच रक्ताचा आकडा दोन लॅबमध्ये वेगळा यायचा, कारण प्रत्येकीचं माप आपापलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सीएमव्हीसाठी २०१० मध्ये आणि बीकेसाठी २०१५ मध्ये प्रमाण नमुना ठरवून दिला. तरीही फरक पुरता मिटलेला नाही. म्हणून सांगली-मिरजेत रक्त द्या किंवा पुण्याला पाठवा, दर वेळी लॅब तीच ठेवा, आणि रिपोर्टवर नमुना प्लाझ्माचा आहे का पूर्ण रक्ताचा, आकडा कॉपीत आहे का आंतरराष्ट्रीय एककात, हे बघून जुन्या रिपोर्टसकट फाइल डॉक्टरांसमोर ठेवा.